पहिल्या गिअरचा हिशेब : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं वर्कशॉप होतं. ऑइल इंजिनं, जीपची इंजिनं, ऊसवाल्यांचे ट्रॅक्टर. बोअर करायचा, रिंगा टाकायच्या, क्रँक ग्राइंडिंगला पाठवायची. शेजारी लेथवाले, पॅटर्न करणारे, गिअर कापणारे. पार्ट मिळत नाही म्हणून इथे काम अडत नाही, चार घरं सोडून कोणीतरी तो करून देतो. त्याच जागेत आज आम्ही टर्बो गाड्यांची ताकद वाढवून देतो, आणि ती रस्त्यावर उतरवूनही देतो, म्हणजे चाकं जागेवर न फिरता गाडी खरंच पुढे जाईल अशी करून देतो. सांगली, बेळगाव, गोव्याहून लोक येतात ते या उतरवण्याच्या कामासाठी. ताकद वाढवणारे त्यांना गावातच मिळतात.

सुरुवात स्कोडाच्या जुन्या ऑक्टाव्हिया आरएस या वेगवान मॉडेलपासून झाली. १.८ लिटर टर्बो, १५० पीएस (जवळपास तेवढेच एचपी), पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. नवी असताना ती आमच्या गिऱ्हाइकांच्या आवाक्यात नव्हती. जुन्या बाजारात उतरली आणि पोरांच्या हाती आली. मूळ टर्बो तसाच ठेवून नुसतं रिमॅप केलं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदललं, तरी ती १९० च्या आसपास जाते. मग काय, नाद खुळा! पण आठवड्याभरात पोरगं परत दारात. ‘दादा, टायरातून धूर निघतोय, गाडी काय पुढं जाईना.’

जाणार कशी? आमच्याकडे गिऱ्हाइकाला खुर्ची देतात, चहा देतात आणि मग कागदावर पुढचा हिशेब मांडून दाखवतात. समजा इंजिन ३०० न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं. पहिला गिअर आणि त्यापुढचा फायनल गिअर मिळून हा जोर जितके पट करतात तो रेशो धरा १४. चाकाला पोचले ४२०० न्यूटनमीटर. टायरची त्रिज्या ०.३ मीटर, म्हणजे रस्त्याला मागे ढकलायचा जोर झाला १४००० न्यूटन, साधारण १४०० किलोचा. आता पुढच्या टायरांची ऐपत बघा. माणसासकट १४०० किलोची गाडी, त्यातलं पुढच्या चाकांवर ८४०. गाडी जोरात सुटली की वजन मागे सरकतं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं चढाला उचलतात, तोच प्रकार. फक्त ट्रॅक्टरला मागची चाकं ओढतात म्हणून ते त्याच्या पथ्यावर पडतं, आणि आपल्या गाडीला पुढची ओढतात म्हणून मुळावर येतं. सव्वाशे-दीडशे किलो असे गेले की उरले ७००. कोरड्या डांबरावर चांगला टायर अंगावरच्या वजनाच्या ०.९ पट पकड देतो असं धरलं, तरी हाती येतात ६३० किलो. मागणी १४०० ची, पुरवठा ६३० चा.

दुसऱ्या गिअरला रेशो साडेआठच्या घरात असतो, तिथे ८५० किलो लागतात. तेही जास्तच. तिसऱ्याला ५६० वर येतं आणि टायर पहिल्यांदा धरतो. गिअरबॉक्समधली घट यात धरलेली नाही, पण निकाल बदलत नाही. हा कागद बघितला की ‘अजून ३० एचपी काढा’ म्हणणारा माणूस गप्प होतो. निदान टायर कुठले घालू, एवढं तरी विचारतो.

टायर हेच पहिलं काम, आणि लोकांना नेमका तिथेच खर्च नको असतो. एक्झॉस्टचा आवाज शेजाऱ्याला ऐकू जातो, टायरचं कंपाउंड कोणाला दिसत नाही. ८०००० किलोमीटर टिकणारा कडक टायर आणि ३०० न्यूटनमीटर ही जोडी जमत नाही, असं आम्ही स्वच्छ सांगतो. मऊ टायर लवकर झिजतो. झिजू दे.

दुसरं काम डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांना टॉर्क वाटून देणाऱ्या आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचं. कंपनीचा साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, म्हणजे ज्या चाकाची पकड कमी त्याच्या मापाने दुसऱ्यालाही मिळतो. वळणावरून बाहेर पडताना आतलं चाक हलकं होऊन फिरत बसतं आणि बाहेरचं, खरं वजन ज्याच्यावर आहे ते, उपाशी राहतं. त्याला उपाय लिमिटेड स्लिप, म्हणजे एका चाकाला असं मोकळं फिरू न देणारा डिफरन्शियल. प्लेटवाला येतो आणि हेलिकल गिअरवाला येतो. रोजच्या गाडीला आम्ही हेलिकलच बसवतो. तो आवाज करत नाही, साध्या गिअर ऑइलवर चालतो, आत झिजणाऱ्या प्लेटा नाहीत. खोड एकच: एक चाक पूर्ण हवेत गेलं की तोही हात टेकतो, कारण तो हलक्या चाकावर जेवढा टॉर्क टिकेल त्याच्या काही पट दुसऱ्याला देतो, आणि शून्याच्या कितीही पट शून्यच.

जुन्या ऑक्टाव्हियाच्या त्या बॉक्समध्ये क्राऊन व्हील, म्हणजे डिफरन्शियलला फिरवणारा मोठा गिअर, त्याला रिव्हेटने जोडलेलं असतं. आधी रिव्हेटची डोकी ड्रिलने खायची, तीही क्राऊन व्हीलला ओरखडा न जाता, मग पंच मारून रिव्हेट खाली पाडायचे. नवीन डिफरन्शियलला तेच क्राऊन व्हील बोल्टने बसतं. बोल्टला लॉकिंग लिक्विड लावायचं आणि टॉर्क पान्याने समोरासमोरच्या क्रमाने कसायचे. बेअरिंग बदलली की शिम, म्हणजे फट भरणारी पातळ चकती, नव्याने काढायची, मोजायचा डायल लावून. हे काम आमच्याकडे वडिलांच्या वेळचे मेस्त्री करतात. मॅपिंग त्यांना कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, पण बेअरिंगचं प्रीलोड, म्हणजे ते किती आवळून बसलंय, हे मेस्त्री हाताने फिरवून सांगतात, मग डायल तेच दाखवतो.

तिसरं, फाउंडेशन. इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी माउंटिंग थकलेले असले की सुटताना चाकं धरतात-सोडतात, धरतात-सोडतात, आणि सगळं पुढचं अंग हादरायला लागतं. व्हील हॉप म्हणतात ते हेच. नुसतं चाक फिरलं तर टायर जळतो, व्हील हॉपमध्ये अॅक्सलचा जॉइंट तुटतो. दुसऱ्या गावात बनवलेली एक गाडी आमच्याकडे टोचन करून आली होती. मोठा टर्बो, महागडा इंटरकूलर, आणि माउंटिंग कंपनीचे, चिरलेले. स्प्रिंगाही कापलेल्या. स्प्रिंग कापून गाडी बसवली की शॉकअप खड्ड्यागणिक बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटतो आणि त्या क्षणी टायर रस्ता सोडतो. आपल्या रस्त्यांना मऊ स्प्रिंग आणि चांगला शॉकअप लागतो. फोटोत गाडी उंच दिसते, हे मान्य.

पुढे ऑटोमॅटिकचा जमाना आला. १८० पीएसच्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, होता आणि त्या बॉक्सची कंपनीची मर्यादा २५० न्यूटनमीटर. गाडीचा टॉर्कही बरोबर तेवढाच. तिथे टॉर्क वाढवून मागणाऱ्याला आम्ही हात जोडतो. २०१७ च्या आरएस २३० ला सहा गिअरचा, ओल्या म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचचा बॉक्स आला, ३५० न्यूटनमीटरचा. २०२० मध्ये आरएस २४५ आली, देशात फक्त २००, आणि तिच्यात लिमिटेड स्लिप इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचं, कारखान्यातूनच. आमचा कागदावरचा हिशेब त्यांच्या इंजिनिअरांनीही मांडला असणारच.

मॅपिंग करताना आता आम्ही गिअरनिहाय टॉर्क बांधून देतो. पहिल्याला निम्म्याच्या आत, दुसऱ्याला पाऊण, तिसऱ्यापासून पुढे सगळा. किती बांधायचा ते ब्रेकच्या एबीएस यंत्रणेतल्या, चाकांचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवरून ठरतं: पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेग लॉग करायचा, म्हणजे चालत्या गाडीत नोंदवून घ्यायचा, आणि फरक बघायचा. पुढची चाकं दहा-पंधरा टक्के जास्त फिरत असली तर टायर पुरेपूर खेचतोय. चाळीस टक्के दिसले की नुसता धूर. गंमत म्हणजे टॉर्क कमी केल्यावर गाडी मालकाला आधी मवाळ वाटते, आणि अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाचा टाइम हातात आला की तोच पेढे घेऊन येतो.

कायद्याचं आधीच बोलून घेतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये परस्पर बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि त्याच वर्षी आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. रिमॅपही त्यात ओढता येतो, विम्याचाही प्रश्न येतो. म्हणून मोठा टर्बो, एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक काढणं असली कामं आम्ही फक्त ट्रेलरवरून ट्रॅकला जाणाऱ्या गाड्यांची घेतो. टायर, शॉकअप, माउंटिंग, ब्रेक यांच्यासाठी कोणीही यावं. सायलेन्सर फोडून आवाज काढून द्या म्हणणाऱ्याला उद्यमनगरात दुसरी बरीच दुकानं आहेत.

पावसाळ्यात लॉगिंग बंद असतं. जून ते सप्टेंबर गिअरबॉक्स उघडायचे दिवस, त्यामुळे डिफरन्शियल करायचा असेल तर गाडी मे महिन्यात लावावी, पार्ट बाहेरून यायला वेळ लागतो.