त्या वळणावर मी का उभी राहते

"सुट्ट्या टाकून, पदरचे पैसे घालून चेन्नईला जायचं आणि रेसट्रॅकवर दिवसभर उन्हात झेंडा धरून उभं राहायचं. मिळतं काय तुला?" ऑफिसात, लग्नकार्यात, अगदी सोसायटीच्या लिफ्टमध्येही मला हे विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

चेन्नईपासून साधारण 40 किलोमीटरवर, बंगळुरू हायवेलगत, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई नावाचं गाव आहे. तिथला रेसट्रॅक सरकारचा नाही, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा आहे. हा क्लब 1953 सालचा. आधी कित्येक वर्षं त्यांनी शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवल्या. मग स्वतःची जागा घेऊन 3.7 किलोमीटरचा, 12 वळणांचा ट्रॅक बांधला. 1990 पासून तिथे कारही धावतात आणि मोटरसायकलीही. पण नुसत्या डांबरावर शर्यत होत नाही. कुणी बँकेतला, कुणी कॉलेजातली, कुणी वर्कशॉपमधला, अशी माणसं शनिवार-रविवारी आपली कामं बाजूला ठेवून येतात, तेव्हा ती होते. आम्हाला मार्शल म्हणतात.

आमचं काम झेंड्यांचं. पिवळा हलवला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक करायचं नाही. लाल-पिवळे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, बहुधा तेल सांडलंय. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे शर्यत थांबवा. तो मात्र आम्ही आपल्या मनानं दाखवत नाही, तो हुकूम रेस कंट्रोलकडूनच, म्हणजे शर्यत चालवणाऱ्या अधिकाऱ्यांकडूनच यायचा. झेंड्याशी घोळ होऊ नये म्हणून अंगात लाल-पिवळं घालायचं नाही. कपडे सुती, कारण आग लागली तर सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. आणि सगळ्यात आधी शिकवतात ते हे, की धावत्या गाड्यांकडे पाठ करायची नाही. एका पोस्टवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेला नेमून दिलेल्या जागेवर, आम्ही जोडीनं असतो. एकाचे डोळे येणाऱ्या गाड्यांवर, दुसऱ्याचे पुढच्या पट्ट्यावर. वळणात शिरणाऱ्याला वळणापलीकडचं दिसत नाही. मला दिसतं. म्हणून मी तिथे असते.

एकदा छोट्या मोटरसायकलींची शर्यत चालू होती. झेंडा माझ्या जोडीदाराकडे होता. वळणातून बाहेर पडताना एका पोराचं मागचं चाक सटकलं, तो घसरत खडीत गेला आणि लगेच उठून गाडीकडे पळाला. मागून आणखी पाच-सहा जण येत होते. वर पिवळा हलत होता, मी धावत जाऊन त्याचा दंड धरला आणि त्याला टायरच्या भिंतीआड ओढलं. त्याचा उजवा हातमोजा फाटला होता, शिवणीत बारीक खडी अडकली होती आणि बोटं थरथरत होती. हेल्मेटला आम्ही हात लावत नाही, ते डॉक्टरांचं काम. काच वर करून तो एवढंच म्हणाला, "अक्का, वंडी?" वंडी म्हणजे गाडी. आणि अक्का म्हणजे आपल्याकडे जी अक्का, तीच. मला तमिळ येत नाही, पण तेवढं कळलं. मी त्याला खुणेनं खाली बसवलं आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचा दंड सोडला नाही.

2023 नंतर लोकांच्या प्रश्नाचा सूर बदलला. त्या वर्षी याच ट्रॅकवर जानेवारीत 59 वर्षांचे एक कारचालक गेले आणि ऑगस्टमध्ये 13 वर्षांचा एक मुलगा. मी त्या दोन्ही दिवशी तिथे नव्हते. तो मुलगा गेल्याचं कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला आणि खालीच बसले. आई म्हणाली, आता तरी सोड. मी दोन दिवस खरंच विचार केला. मुलांना किती लहान वयात ट्रॅकवर उतरवावं, यावर माझं मत आईच्या मताजवळचंच आहे, आणि ते मी ट्रॅकवरही बोलून दाखवते. पण मी गेले नाही म्हणून शर्यत थांबणार नाही. एका पोस्टवर डोळ्यांची एक जोडी तेवढी कमी होईल. हे मी आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण पुढच्या खेपेला डब्यात दशम्या तिनंच बांधून दिल्या.

तर मिळतं काय? पगार नाही. मान भाजते, संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात. शर्यत संपल्याचा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा चेकर्ड झेंडा पडला की गाड्या एक फेरी सावकाश मारतात. तेव्हा आम्ही सगळे कठड्याशी येतो, हाताला लागेल तो झेंडा हलवतो, आणि जिंकलेले, हरलेले सगळे प्रत्येक पोस्टसमोरून जाताना हात वर करतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, मागे कुणाला तरी करत असतील. मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.