हॅरी पॉटर दाखवायचा, पण कितवा भाग?

मे महिन्याची सुट्टी लागली की पुण्यातल्या पालकांमध्ये हा विषय निघतोच: सहा वर्षांच्या मुलाला हॅरी पॉटर दाखवावा का? माझं मत स्पष्ट आहे. सिनेमा इतक्यात नको, पहिलं पुस्तक वाचून दाखवा. आणि अख्ख्या मालिकेला मिळून एकच वय लावू नका.

पहिल्या पुस्तकात हॅरी ११ वर्षांचा होतो, शेवटच्यात १७. गोष्टही त्याच्याबरोबर वाढत जाते. पहिल्या पुस्तकात १७ प्रकरणं आहेत, चौथ्यात ३७. तिसऱ्यातले डिमेंटर नावाचे भयानक जीव माणसातला आनंद शोषून घेतात. चौथ्याच्या शेवटी तर स्मशानात एका निरपराध विद्यार्थ्याचा खून होतो. चौथा भाग दहा-अकरा वर्षांच्या आधी नकोच.

‘आम्ही नाही का पूतना, हिरण्यकशिपू ऐकत मोठे झालो?’ असं घरातले मोठे विचारतात. ऐकत मोठे झालो, हेच महत्त्वाचं. ऐकताना मूल स्वतःला झेपेल एवढाच राक्षस डोळ्यांसमोर आणतं. सिनेमात त्याचा चेहरा, आवाज, तो कधी अंगावर येणार, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. शिवाय साधारण सात वर्षांखालची मुलं दिसण्यालाच घाबरतात. ‘ते खोटं असतं’ या समजावणीचा त्यांना फारसा उपयोग होत नाही. पडदा बंद करून, दिवा लावून जवळ घेतलं की होतो.

‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत आहे, त्यामुळे आजीही वाचून दाखवू शकते. रात्री एकच प्रकरण, अर्धा-पाऊण तास. पंधराव्या प्रकरणात अंधाऱ्या जंगलात कुणीतरी युनिकॉर्नचं, म्हणजे एकशिंगी घोड्याचं, रक्त पितं. ते दिवसा वाचा. सोळावं ऐन मोक्याच्या जागी तुटतं आणि खलनायकाच्या डोक्यामागचा दुसरा चेहरा सतराव्यात दिसतो, म्हणून ही दोन्ही प्रकरणं रविवारी दुपारी सलग संपवा. सोळाव्यावर थांबून झोपवलं, तर उरलेली गोष्ट मूल अंधारात स्वतःच रचत बसतं.

भुतांपेक्षा लहान मुलं जास्त अडकतात ती जिन्याखालच्या कपाटात राहणाऱ्या पोरक्या हॅरीपाशी. ‘तुम्ही मेलात तर मी कुठे राहू?’ हा प्रश्न येऊ शकतो. ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. मावशीकडे की काकाकडे, ते नाव घेऊन सांगा.

पुस्तक झाल्यावर, मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की पहिला सिनेमा. तो सुमारे अडीच तासांचा आहे. घरी, दिवसा, आवाज कमी ठेवून, दोन बैठकींत दाखवा. शेवटचा अर्धा तास आधी स्वतः बघून घ्या, कारण या प्रकारच्या बहुतेक सिनेमांत सगळ्यात भीतिदायक भाग तिथेच असतो. सुट्टीत आठही सिनेमे लागोपाठ दाखवण्यात खरा घोटाळा होतो: पहिल्या भागाला योग्य असलेलं मूल आठवड्याभरात शेवटच्या युद्धापर्यंत पोचतं.

थिएटरमध्ये आता यूए ७+, १३+, १६+ अशा श्रेणी असतात, पण यूए म्हणजे पालकांना दिलेली सूचना. दारावर मुलाला कुणी अडवत नाही. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार १३+ आणि त्यावरच्या गोष्टींना पालकांसाठी लॉकची सोय असावी लागते. ते सुरू आहे ना, हे स्वतः तपासा आणि पिन ताईदादाला सांगू नका. ताई तेरा वर्षांची आणि धाकटा पाच वर्षांचा असेल, तर तिचे सिनेमे तो झोपल्यावर किंवा खाली खेळायला गेल्यावर लावा. एकाच खोलीत ‘तू डोळे मिट’ हे चालत नाही. आवाज ऐकू येतच राहतो.