किपलिंगचा बंगला बघायचाय?

मुंबईतल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या फाटकावरून रोजचं जाणं-येणं, त्यामुळे ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "अहो, ‘जंगल बुक’वाला किपलिंग जन्मला तो बंगला हाच ना?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो. जन्मला याच आवारात, पण या बंगल्यात नव्हे.

त्याचे वडील लॉकवुड किपलिंग १८६५ साली जेजेत शिल्पकला शिकवायला आले आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला रुडयार्ड झाला. ते घर पुढे पाडलं. झाडांआडून दिसणारा हिरवा लाकडी बंगला डीनचा, नंतरचा. जवळच किपलिंगचा अर्धपुतळा आहे, त्यामुळे माणसं फसतात, फोटो काढून निघून जातात.

मी पाहुण्यांना रस्ता ओलांडून क्रॉफर्ड मार्केटात नेतो. (नाव आता महात्मा फुले मंडई, पण तसं टॅक्सीवाल्याला सांगून बघा एकदा!) इमारत १८६९ची. प्रवेशद्वारावरच्या शिल्पातले शेतकरी लॉकवुडच्या कल्पनेतले, आतलं कारंजंही त्यांचंच. पण आपलं काम मुलाशी. आत्मचरित्रात किपलिंगनं अगदी पहिली आठवण सांगितली आहे ती फळबाजाराची. आयाबरोबर पहाटे तिथे जायचा. उजेड, रंग आणि खांद्याच्या उंचीला आलेली सोनेरी-जांभळी फळं. घरासमोर हा बाजार असताना दुसरा कुठला असणार? हे वाचल्यावर मी एकदा हापूसच्या पेट्यांपुढे चक्क उकिडवा बसलो. फळवाला म्हणाला, "काय पडलं, साहेब?"

आया कॅथलिक. वाटेतल्या क्रुसापुढे ती प्रार्थना करी, हा तिच्या शेजारी उभा. मीता नावाचा हिंदू गडी त्याला हात धरून लहानसहान देवळांत नेई. गोष्टी सांगून झाल्या की जेवणघरात आईवडिलांकडे धाडताना बजावणी व्हायची, आता इंग्रजीत बोल हं. मग हा मनातलं देशी बोलणं भाषांतर करत अडखळत इंग्रजी बोलायचा. स्वप्नंही देशी भाषेतच पडायची! पाचव्या वर्षी त्याला विलायतेत ठेवलं. १८८२मध्ये, सोळा वर्षांचा होऊन, पुन्हा मुंबईत उतरला, तर इथल्या वासांनी त्याच्या तोंडून देशी वाक्यं भराभर निघाली. अर्थ मात्र त्याचा त्यालाच कळेना.

पुढे तो साम्राज्याचे गोडवे गात बसला, त्याचा राग मलाही येतो. ते असो.

बंगला लांबूनच बघा. मंडईत मात्र सकाळी लवकर जा. घरात तीन-चार वर्षांचं पोर असेल तर त्यालाही न्या, आणि कडेवर घेऊ नका, चालू द्या.