नाटक संपलं, आता खून

मंगळवार

आज 'द घोस्ट वॉक्स' पाहिला. 1934 चा, अमेरिकन, सव्वा तासाच्या आत आटोपणारा. बाबा सांगलीहून आलेत, त्यामुळे रात्री काहीतरी जुनं काळं-पांढरं लावणं ओघानंच आलं.

सुरुवात इतकी ठरीव की पुढचं मी आधीच मनात म्हणत होते. वादळी रात्र. मोटारीत तिघे: नाटककार प्रेस्कॉट एम्स, ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचा, निर्माता हर्मन वुड आणि वुडचा सेक्रेटरी होमर. एम्सचं नवं नाटक घ्यायचं की नाही, हे वुडचं अजून ठरत नाहीये. पुढे रस्ता बंद, मोटार अडकते आणि जवळच एक हवेली. आत एक डॉक्टर, मोजके पाहुणे, बटलर आणि बिअॅट्रिस नावाची एक खोयाखोयासा चेहरा करून वावरणारी बाई. तिच्या नवऱ्याचा तीन वर्षांपूर्वी याच घरात खून झालेला आहे. दिवे जातात, कुणीतरी किंचाळतं, निर्माता घामाघूम होतो.

"हा बटलर जरा जास्तच बटलर आहे," बाबा म्हणाले.

ते खरंच होतं, आणि दोन अर्थांनी. एक म्हणजे विल्सन बेन्ज या नटानं हॉलिवूडमध्ये जन्मभर बहुतेक बटलरच केले. दुसरं म्हणजे गोष्टीतसुद्धा ते सगळं सोंगच निघतं. एम्सनं नट गोळा करून, त्यांना हवेलीत बसवून, आपलं नाटक थेट निर्मात्याच्या अंगावर सोडलेलं असतं. वाचून दाखवलं तर नाही म्हणेल, पण स्वतः घाबरला तर पैसे काढेल, असा हिशेब. आणि नेमकं मधेच कुणीतरी खरोखर मरतं. जवळच्या वेड्यांच्या इस्पितळातून एक रोगी पळालाय, अशी बातमीही येऊन थडकते. नाटकाचा तिसरा अंक बाजूलाच राहतो.

खुनी कोण ते इथंही लिहीत नाही. ही वही बाबा वाचतात, आणि शेवटी ते पाणी आणायला म्हणून उठले ते नेमके तेव्हाच.

बुधवार

सकाळभर डोक्यात तो निर्माताच. हे सगळं नाटक होतं असं एकदा कळल्यावर तो कशावरच विश्वास ठेवायला तयार होत नाही. माणसं गायब होताहेत, बाकीचे थरथर कापताहेत, आणि हा मात्र 'मला फसवता येणार नाही' अशा चेहऱ्यानं खूश होऊन हिंडतोय. पूर्वार्धात सगळे शांत आणि तो घाबरलेला. उत्तरार्धात सगळे घाबरलेले आणि तो निवांत. सगळ्या सिनेमात कल्पना अशी ही एकच, पण ती भक्कम आहे. रिचर्ड कार्लनं ती नीट पेललीय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो स्वतः ब्रॉडवेच्या संगीत प्रहसनांत नावाजलेला होता, त्यामुळे निर्माते जवळून पाहिलेले असणार.

पटकथा चार्ल्स बेल्डनची. याच बेल्डनच्या मेणाच्या पुतळ्यांच्या कथेवर वॉर्नर ब्रदर्सनं 1933 साली 'मिस्टरी ऑफ द वॅक्स म्युझियम' काढला होता. म्हणजे आपलं लिखाण मोठ्या पेढीला विकणं काय असतं ते याला ठाऊक होतं. नाटक विकण्यासाठी इतका आटापिटा करणारा नाटककार त्याला कुठून सुचला असेल, याचा अंदाज करायला मला आवडतं.

दुपारी पैशाच्या बाजूनं थोडं वाचलं. सिनेमा इन्व्हिन्सिबल या छोट्या कंपनीचा. तिची जोडीदार चेस्टरफील्ड. दोघींकडे स्वतःचा स्टुडिओ नव्हता. त्या युनिव्हर्सलमध्ये जागा आणि सेट भाड्यानं घेत. म्हणून या हवेलीचे जिने, दारं, लाकडी भिंती खिशाच्या मानानं भारदस्त दिसतात. मंदीमुळे अमेरिकेत एका तिकिटावर दोन सिनेमे दाखवायची पद्धत रुळत होती. मुख्य चित्राला गल्ल्यातला टक्का मिळे, जोडीच्या दुसऱ्या चित्राला बहुधा ठरलेलं भाडं. त्यामुळे असल्या निर्मात्याला साधारण किती हाती येणार ते आधीच माहीत असे, आणि खर्च त्याच्या आत बसवायचा एवढंच त्याच्या हातात. सिनेमा फार चांगला झाला म्हणून चार पैसे जास्त मिळण्याची आशा कमीच.

मग खुनासाठी हवेलीच का, ते आपोआप कळतं. एक घर, एक रात्र, वादळामुळे कुणी बाहेर जाऊ शकत नाही आणि बाहेरचं काही दाखवावं लागत नाही. दिवे गेले की प्रकाशयोजनाही वाचली. हा साचा मुळात रंगभूमीवरूनच आला: 1920 साली 'द बॅट', 1922 साली 'द कॅट अँड द कॅनरी', दोन्ही ब्रॉडवेवर चाललेली नाटकं. पाऊल लेनीनं 1927 मध्ये दुसऱ्याचा मूकपट केला, तेव्हा त्यात पडदे, सावल्या आणि लांबच लांब कॉरिडॉर यांचा असा काही खेळ मांडला की नाटक मागं पडलं. जेम्स व्हेलच्या 1932 च्या 'द ओल्ड डार्क हाउस'मध्येही तसंच. गरीब कंपन्यांना तेवढी चैन परवडणारी नव्हती. त्यांनी साचा पुन्हा जवळजवळ रंगमंचावर आणून ठेवला, फक्त समोर कॅमेरा.

दिग्दर्शक फ्रँक स्ट्रेयर या वाटेवरचा जुना वारकरी. 1932 चा त्याचा 'द मॉन्स्टर वॉक्स' मी मागं पाहिला होता. त्यातही हवेली, मृत्युपत्र, वादळ, आणि तळघरात माकड. तो आता बघवत नाही. विली बेस्ट या काळ्या नटाला त्यात डोळे फिरवून घाबरायचं एवढंच काम, आणि श्रेयनामावलीत त्याचं नावसुद्धा नाही. तिथं 'स्लीप अँड ईट' असं टोपणनाव लिहिलंय. स्वस्त सिनेमाला स्वस्त विनोद लागतो आणि तो कुणाच्या तरी जिवावर होतो. 'द घोस्ट वॉक्स'मध्ये ही पाळी होमरवर येते. नाजूक, बायकी, कुरकुरणारा सेक्रेटरी, ज्याला निर्माता उठता-बसता टोमणे मारतो. गंमत म्हणजे होमर करणारा जॉनी आर्थर हा तिथला सर्वांत तयारीचा नट आहे. शब्दाचा शेवट किंचित लांबवून तो मालकाचा प्रत्येक वार परतवतो. त्या दोघांची जुगलबंदी काढून टाकली तर उत्तरार्धात फारसं उरत नाही. हाच आर्थर 1925 च्या 'द मॉन्स्टर' या मूकपटात लॉन चेनीसमोर, वेड्यांच्या ताब्यात गेलेल्या इस्पितळात अडकला होता. नऊ वर्षांनी पुन्हा वादळ, पुन्हा वेडे. पोटासाठी काय काय!

नायिका जून कॉलियर. तिला घाबरण्याखेरीज काहीच दिलेलं नाही.

गुरुवार

संध्याकाळी चहाला बाबांनी विषय काढला. हौशी नाटकांत त्यांनी तीस वर्षं काढली, त्यामुळे सिनेमा बघतानाही त्यांची नजर विंगेतच असते.

"पत्रा चांगला वाजवलाय," म्हणाले.

त्यांच्या वेळी गडगडाटासाठी विंगेत मोठा पत्रा टांगलेला असे. तो हलवायला माणूस लागे, आणि त्याला प्रॉम्प्टरकडून खूण. एका प्रयोगात पत्रा हलवणारा वेळेवर सापडला नाही आणि वीज आधी, गडगडाट दोन वाक्यांनंतर, तोही नायिका 'किती शांत आहे इथं' म्हणत असताना.

"मग?"

"मग काय, टाळ्या. शोकांतिका होती, म्हणून वाईट वाटलं."

मी त्यांना माझं म्हणणं सांगितलं. या सिनेमातला पूर्वार्ध मला उत्तरार्धापेक्षा खरा वाटतो. त्यात नट जे काही जादा करतात, डोळे मोठे करणं, बोलता बोलता मधेच थबकणं, दाराकडे बघणं, ते सगळं माफ असतं, कारण ते नाटकच करताहेत. भिंत पुठ्ठ्याची वाटली तरी चालतं. खोटेपणाचं बिल एम्सच्या नावावर. पण खरा खून झाल्यावर तीच माणसं, त्याच भिंतींसमोर, त्याच आवाजात घाबरतात. आता ती सूट नाही. पार्श्वसंगीताचा आधारही फारसा नाही. नाटकातली भीती आणि खरी भीती यांत फरक दाखवायचा तर तालमीला वेळ हवा, आणि वेळ म्हणजे पैसा.

बाबांना हे पटलं नाही. "वेळ दिला म्हणून जमतं असं नाही. आमच्याकडे दोन-दोन महिने तालमी व्हायच्या. मरायचं काम सगळ्यांना येतं. मेलेल्याकडे बघायचं काम कुणाला येत नाही."

यावर काय बोलणार? रात्री सिनेमाचा मधला भाग पुन्हा लावला, फक्त प्रेताजवळ उभी असलेली माणसं बघण्यासाठी. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळत नाहीये. एकटा निर्माता खुशीत, म्हणून तो एकटाच सैल उभा. त्याला प्रेताकडे बघायचंच नाहीये, तो नटाचं काम बघतोय.

छाप खराब आहे, पावसाच्या रेघा सिनेमाभर, आतल्या पावसात भर. 1934 च्या अमेरिकन चित्रांचा कॉपीराइट हक्क 28 वर्षांनी नव्यानं नोंदवावा लागे. ज्यांनी नोंदवला नाही त्यांची चित्रं सगळ्यांची झाली. असले कितीतरी सिनेमे त्यामुळेच टिकले, कारण कुणीही त्यांच्या स्वस्त टेपा, डिस्क काढू शकत होतं, आणि त्यामुळेच विटलेसुद्धा, कारण मूळ प्रत जपण्यात कुणाचा फायदा नव्हता. कंपनी तर केव्हाच गेली. 1935 मध्ये हर्बर्ट येट्सनं अशा लहान लहान पेढ्या गोळा करून रिपब्लिक पिक्चर्स उभी केली, आणि इन्व्हिन्सिबल, चेस्टरफील्ड त्यात गेल्या. स्ट्रेयर मात्र तरला. पुढं कोलंबियासाठी त्यानं 'ब्लाँडी' ही घरगुती विनोदाची मालिका वर्षानुवर्षं केली. हवेलीतून थेट मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात.

उद्या त्याचाच 'द व्हँपायर बॅट', 1933 चा. त्यात 'फ्रँकेन्स्टाइन'साठी बांधलेलं गाव आणि 'द ओल्ड डार्क हाउस'चं अंतर्गृह युनिव्हर्सलकडून घेऊन वापरलंय. लायनेल अॅटविल, फे रे, मेल्विन डग्लस, नटमंडळीही बरी. बाबांना गोष्टीत रस नाही. त्यांना जिना बघायचाय, आधीच्या सिनेमात होता तोच का ते. त्यासाठी व्हेलचा सिनेमा आधी दाखव म्हणताहेत, म्हणजे उद्या दोन होणार.