साळिंदरानं बांधलेली गुटी

खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेच्या एका गावातून निरोप आला, आंब्याला काय झालंय बघून जा म्हणून. मृगाचा पाऊस लागलेला आणि नर्सरीत कोय कलमांची घाई. तरी गेलो.

मांडीएवढ्या बुंध्याचं पायरीचं झाड. दिवाळीच्या सुमाराला साळिंदरानं जमिनीलगतची साल वीतभर उंचीपर्यंत चौफेर कुरतडलेली. घरच्या आजींनी शेणमाती लिंपली होती. मुलगा म्हणाला, "मामा, पानं हिरवीगार हायत की. यंदा आंबे तर कधी नव्हे तेवढे धरले."

मी धसका घेतला तो त्या आंब्यांचाच. डाळिंबाची गुटी बांधताना आम्ही मुद्दाम असंच सालीचं कडं काढतो. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं. वाट तुटली की ते वरच अडतं, आणि वरून ओलं शेवाळ गुंडाळलं की तिथं मुळ्या फुटतात. इथं अडलेलं अन्न फळांत गेलं. पाणी आतल्या लाकडातून चढतं, म्हणून पानं हिरवी. मुळं मात्र जुन्या साठ्यावर तगून होती.

जखमेच्या खाली-वर सालीत खोचून नुसत्या काड्यांचा पूलही बांधता येतो, पण आंब्याची काडी वाळायची भीती. त्यापेक्षा भेट कलम, म्हणजे मुळांसकट रोपंच झाडाला जोडणं बरं. नर्सरीतली वर्षाची रायवळ रोपं आणली, पिशव्या फाडून बुंध्याभोवती चारी बाजूंनी कलती लावली. जखमेच्या वर, जिवंत सालीवर उलट्या टी-सारखी चीर दिली. पावसात साल सहज सुटते. रोपाचा शेंडा उडवून टोक तिरकं तासलं, सालीखाली वर सरकवलं, बारीक खिळा मारला, प्लास्टिकची पट्टी आवळली, मेण लावलं. कापलेली बाजू लाकडाकडंच हवी. सालीखालचा तो ओलसर थर थराला भिडला तरच जीव धरतो.

आजी कडेला छत्री धरून उभ्या. "रायवळाची मुळं जोडलास, आता आंबं आंबट लागतील काय रे?"

"आजी, नर्सरीतली सगळी पायरी रायवळावरच असते. फळ वरच्या फांदीचं."

बुंध्याभोवती जाळी मारून घेतली. दिवाळीपर्यंत एक रोप वाळलं, बाकीची जुळली. रोपांवर फुटणारे कोंब खुडत राहायचं काम मुलानं नेटानं केलं. झाडाला उसंत मिळावी म्हणून पुढच्या वर्षीचा मोहोरही काढून टाका, असं मी बजावलं होतं. मुलानं ऐकलं. आजींनी खालच्या फांदीवरचे दोन घोस लोणच्यासाठी ठेवलेच.