आत नाही येत, सहज आलोय

पावसाने गाठलं तेव्हा मी एका छोट्या गावाच्या मुख्य रस्त्यावर होतो. काम आटोपलं होतं, बसला पाऊण तास अवकाश होता आणि छत्री नेहमीप्रमाणे घरी होती. समोर जे पहिलं घर दिसलं त्याच्या वळचणीला जाऊन उभा राहिलो. वळचणीला उभं राहणाऱ्याचं जे होतं तेच झालं: पाठ कोरडी, बुटांची टोकं ओली.

ओसरीवर एक काकू उशीच्या अभ्र्याला बटणं लावत बसल्या होत्या. सुई दोऱ्यात अडकलेली, नजर बटणावर. मान वर न करता म्हणाल्या, "वर या की, तिथे भिजाल."

नाव नाही, गाव नाही, कोणाकडे आलात नाही. मी तीन पायऱ्या चढलो. मधली पायरी बरोबर मध्यावर झिजून बशीसारखी झाली होती, त्यात पावसाचं थोडं पाणी साचलं होतं. वर भिंतीला टेकून एक लांबलचक बाकडं. त्याचा एक पाय आखूड, खाली लाकडाची चकती सरकवलेली. बाकड्यामागच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक गुळगुळीत, काळपट पट्टा उमटला होता. कितीतरी पाठी टेकून टेकून तो झालेला. मीही तिथेच टेकलो. माझी पाठ त्या पट्ट्यात नेमकी बसली.

दार सताड उघडं होतं. आत एक खोली, तिच्या पलीकडे दुसरं दार आणि त्यातून परसाचा एक हिरवा, ओला तुकडा दिसत होता. म्हणजे रस्त्यावरून थेट मागचं झाड दिसावं असं ते आरपार घर. वारा त्या वाटेने सुखाने ये-जा करत होता. खुंटीवर एक दप्तर, खुंटीखाली एकच चप्पल. दुसरी कुठे गेली होती कोण जाणे. चाळीस मिनिटं मी तिथे बसलो. आम्ही दोघं मिळून पाचसहा वाक्यं बोललो असू. मग काकूंनीच मान वर केली. "आली बघा तुमची." कुठली बस ते मी सांगितलं नव्हतं. त्या रस्त्याने एकच जात असावी.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मी त्या घरात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. आणि तरीही त्या घराने माझं जेवढं आदरातिथ्य केलं तेवढं फार थोड्या घरांनी केलं असेल.

आमच्या घरी अशी सोय नाही. आमच्याकडे जाळीचं दार, त्यामागे लाकडी दार, त्याला भिंगाचं छिद्र आणि घंटा. येणारा माणूस बाहेर असतो, नाहीतर एकदम आत, सोफ्यावर, पंख्याखाली. मधलं काही नाही. त्यामुळे कुणी आलं की दोन्ही बाजूंना परीक्षा. आलेल्याला कारण सांगावं लागतं, आम्हाला पसारा लपवावा लागतो. 'सहज आलो होतो' हे वाक्य म्हणायला जागाच ठेवलेली नाही. मी म्हणतो ती जागा शब्दशः जागा आहे, चौरस फुटांतली.

मराठीत या मधल्या मुलखाला किती शब्द आहेत! ओटा, ओसरी, पडवी, अंगण, सोपा, वळचण. प्रत्येकाचा हुद्दा वेगळा. अनोळखी माणूस वळचणीपर्यंत, ओळखीचा ओट्यावर, शेजारी ओसरीवर, घरचा माजघरात. न बोलता सगळं ठरलेलं. इंग्रजांकडेही या जागेसाठी नेमका शब्द नसावा, कारण 'व्हरांडा' त्यांनी आपल्याकडूनच उचलला आणि 'बंगला'ही. तो व्हरांडा मुळात इथला की पोर्तुगीजांनी आणलेला यावर भाषेचे जाणकार अजून भांडतात. ते भांडणही एखाद्या ओसरीवर बसूनच चालत असणार.

'बाल्कनी आहे की!' असं कुणी म्हणेल. आहे. तिच्यात कपडे वाळतात. क्रिस्टोफर अलेक्झांडर नावाचे एक वास्तुरचनाकार होते. माणसं कुठल्या जागेत रमतात आणि कुठली जागा टाळतात हे बघण्यात त्यांनी बरंच आयुष्य घालवलं. १९७७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा २५३ सूत्रांचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यातलं एक सूत्र असं की भिंतीपासून कठड्यापर्यंत सहा फुटांपेक्षा कमी असलेली बाल्कनी लोक जवळपास वापरतच नाहीत. कारण साधं आहे. दोन माणसं, मध्ये एखादं छोटं टेबल आणि पाय पसरायला जागा, एवढं मावायला सहा फूट लागतात. त्याहून कमी असलं की माणसं कठड्याला समांतर ओळीने बसतात, फोटोला बसल्यासारखी. मी टेप घेऊन आमची बाल्कनी मोजली. साडेतीन फूट. मग त्या कपड्यांवरचा राग गेला.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त पटते. ज्या खोलीत दोन बाजूंनी उजेड येतो तिथे माणसं आपोआप जाऊन बसतात आणि एकाच बाजूने उजेड येणारी खोली रिकामी राहते. एका बाजूचा उजेड डोळ्यांवर येतो, समोरच्याचा चेहरा अर्धा काळोखात राहतो. दोन्हीकडून आला की चेहऱ्यावरच्या बारीक हालचाली दिसतात आणि बोलणं सोपं जातं. त्या काकूंनी बटणं लावायला ओसरीच का धरली हे मला तेव्हा कळलं. समोरून रस्त्याचा उजेड, पाठीमागून परसाचा. सुईत दोरा ओवायला याहून बरी जागा घरात नसणार.

अर्थात छोट्या गावातल्या घरांचे पोवाडे गाणाऱ्यांपैकी मी नाही. ओसरी छान असते, पण तिच्या मागची मधली खोली भर दुपारी दिवा मागते. कौलं फुटतात, वाळवी लागते, आणि सर्दी झाली तरी रस्त्याला कळते. बाकड्यावर बसणाऱ्याला येणारा-जाणारा 'काय, आज कामावर नाही?' विचारतो आणि उत्तर घेतल्याशिवाय पुढे जात नाही. ज्यांना एकांत हवा त्यांच्यासाठी ते घर म्हणजे शिक्षा. अशा घरात वाढलेले माझे दोनतीन मित्र आज जाळीच्या दाराआड सुखात आहेत, आणि मला त्यांचं चुकलंय असं वाटत नाही. तरी मला आमच्या घरात थोडंसं ते हवं होतं. सगळं नको, ओसरीचा एक चमचा.

पहिली चूक मी बाजारात जाऊन केली. मुद्दाम जुनं केलेलं एक बाकडं आणलं. कडा कानशीने घासलेल्या, रंग जागोजागी उडवलेला, भोकंसुद्धा पाडलेली, किड्याने पाडावीत तशी. घरी आणल्यावर दिसलं की ते खोटं का वाटतंय. खरं लाकूड झिजतं ते हात लागतो तिथे, म्हणजे कडीपाशी, हातावर, बसायच्या कडेला. हे बाकडं सगळीकडे सारखंच झिजलेलं होतं. जिथे कुणाचाही हात पोचणार नाही तिथेही. बायको म्हणाली, "हे उलटं लटकून वापरत होते का?" ते परत गेलं.

बाकी घराचा स्वभाव विकत मिळत नाही हे खरं असलं तरी तो बिघडवणं मात्र विकत मिळतं. आमच्या बैठकीत ६५०० केल्व्हिनचा पांढराफटक दिवा होता. त्याच्या उजेडात पाहुणे नुकतेच आजारातून उठल्यासारखे दिसायचे. तिथे २७०० केल्व्हिनचा पिवळसर लावला, तोही छतावरून काढून कोपऱ्यात, बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीला. एवढ्याशा खर्चात घराचा चेहरा इतका बदललेला मी दुसरा पाहिला नाही.

मग सोफा. आमचा सोफा भिंतीला, समोर दोन खुर्च्या, त्याही पलीकडच्या भिंतीला. मधोमध एक मैदान. बोलायचं तर जरा आवाज चढवूनच बोलावं लागे. या मांडणीबद्दल मी पूर्वी कधीतरी वाचलेलं आठवलं. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड हे मनोविकारतज्ज्ञ एका रुग्णालयाचे प्रमुख होते. तिथे वृद्ध बायकांचा एक कक्ष नवा कोरा, रंगीबेरंगी, प्रसन्न करून घेतलेला. आणि त्यात कुणी कुणाशी बोलेना. त्यांनी रॉबर्ट सॉमर या तरुण मानसशास्त्रज्ञाला कारण शोधायला सांगितलं. सॉमर यांनी आधी जेवणघरात नुसतं बसून मोजलं की टेबलाशी कोण कोणाशी बोलतं. सगळ्यात जास्त गप्पा कोपऱ्याच्या दोन बाजूंना बसलेल्यांत होत होत्या, शेजारीशेजारी बसलेल्यांच्या दुप्पट. समोरासमोर बसलेल्यांत सगळ्यात कमी. कक्षात मात्र खुर्च्या भिंतींना ओळीने लावलेल्या, साफसफाईला सोप्या म्हणून. मग त्यांनी मध्ये छोटी चौकोनी टेबलं मांडली, भोवती खुर्च्या. पहिल्यांदा त्या बायका नाखूश होत्या, आपली नेहमीची जागा गेली म्हणून. काही आठवड्यांनी मोजलं तर बोलणं दुपटीच्या आसपास गेलेलं.

मी सोफा तसाच ठेवला आणि एक खुर्ची आणून त्याच्या टोकाशी काटकोनात लावली. गुडघ्याला गुडघा लागेल न लागेल एवढ्या अंतरावर. समोरासमोर बसलं की मुलाखत होते. काटकोनात बसलं की बघावंसं वाटलं तर बघता येतं, नाही तर दोघांनी मिळून खिडकीकडे बघता येतं. गप्पांत गप्प बसायची सोय लागते, ती त्या काटकोनात आहे.

राहता राहिलं दार. आमचं दार पावसाळ्यात फुगतं. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि रेषांना आडवं, म्हणजे रुंदीत वाढतं. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून ते चौकटीत बाजूने अडकतं आणि खांद्याने ढकलावं लागतं. सुतार म्हणाला, रंधा मारून देतो. मी 'पाऊस संपू दे' म्हणालो. पावसाळ्यात तासून घेतलेल्या दारातून उन्हाळ्यात उजेडाची फट दिसते, हे एकदा भोगून झालंय. पण खरं कारण वेगळं होतं. त्या दाराचा 'धप्' असा आवाज आला की घरातलं माणूस आल्याचं कळतं. पाहुण्याला तो खांदा जमत नाही, तो बाहेरच ढकलाढकली करत राहतो. दार आपलं-परकं ओळखतं म्हणायचं.

या दाराबाहेर मी एक स्टूल ठेवलं. साधं, लाकडी, बिनपाठीचं. म्हटलं, हीच आपली ओसरी. चौथ्या दिवशी इमारतीच्या समितीकडून निरोप आला: आग लागली तर पळायची वाट मोकळी हवी, वस्तू ठेवू नयेत. मी दोन मिनिटं चिडलो आणि मग मला ते बरोबरच वाटलं. जिन्यात स्टुलाला अडखळून कुणी पडलं असतं तर ओसरी मलाच महागात पडली असती. स्टूल उचललं आणि आत आणलं. पण फार आत नाही. उंबरठ्याच्या अलीकडे एक हात, चपलांच्या जागेवर. चपला कोपऱ्यात सरकवल्या. संध्याकाळी लाकडी दार उघडं टाकून नुसतं जाळीचं लावायला लागलो आणि पलीकडची खिडकीही उघडी ठेवायला लागलो. आरपार झालं नाही, पण वारा एकदा येऊन बघून जायला लागला.

पहिला आठवडा त्या स्टुलावर फक्त मी बसलो, मोजे घालायला.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. लिफ्ट बंद असली की जिना चढताना आमच्या मजल्यावर थांबून दम खातात. आधी कठड्याला धरून उभे राहायचे. जाळीतून दिसले तरी आपण मान हलवायची आणि त्यांनी हात. परवा लिफ्ट बंद होती. मी जाळीचं दार उघडलं आणि म्हटलं, "काका, या, बसा."

"नाही नाही, आत नाही येत," म्हणाले.

"आत नकाच येऊ. इथे बसा."

त्यांनी स्टुलाकडे बघितलं. उंबरठ्याच्या आत होतं, पण घरात नव्हतं. हिशेब त्यांना पटला असावा. चपला न काढता बसले, पाय बाहेर, पाठ चौकटीला. मी खाली जमिनीवर बसलो, भिंतीला टेकून. त्यांच्या काटकोनात, हे नंतर लक्षात आलं. लिफ्टवरून सुरुवात झाली, तिथून त्यांच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून ते तरुणपणी सायकलवरून कुठे कुठे जायचे त्यावर. मध्येच बायको येऊन दिवा लावून गेली. काकांनी चारदा "येतो आता" म्हटलं. चौथ्यांदा उठले ते लिफ्ट सुरू झाल्याचा आवाज आला म्हणून. आणि तरीही जिन्यानेच गेले.

काल बघितलं, चौकटीच्या रंगावर खांद्याच्या उंचीला एक डाग पडलाय. बायकोने ओलं फडकं आणलं होतं. मी म्हटलं, राहू दे.