क्रमांक 17 चा चौकोन

2016 साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे साडेचारला मी दादर पश्चिमेला, फुलबाजाराजवळच्या एका फूटपाथवर टेप आणि कागद घेऊन उभी होते. नकाशे काढणं हे माझं काम. या पट्ट्यात कोण किती जागा अडवून बसतं, याची मोजणी आमच्याकडे आली होती. प्रत्येक फेरीवाल्याला एक चौकोन, चौकोनाला एक क्रमांक, क्रमांकापुढे एक नाव.

चौकोन क्रमांक 17 दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. आधीच्या फेरीत, भर दुपारी, मी त्यापुढे केसांच्या क्लिपा विकणाऱ्या एका दादांचं नाव लिहिलं होतं. आज मात्र तिथे एक मावशी बसल्या होत्या. पालघरकडून आपट्याच्या पानांचे भारे आणि भाताच्या लोंब्या घेऊन आलेल्या. सणासुदीला आणि एरवी आठवड्यातून दोनदा त्या इथेच बसतात. किती वर्षं? "माझी सासू बसायची, तवापासून."

नऊला दादा आले. आता भांडण होणार, असं मला वाटलं. त्यांनी कठड्याला बांधलेलं स्वतःचं गोणपाट सोडलं, मावशींना बसायला दिलं आणि माल घेऊन पलीकडे उभे राहिले. एरवी मावशी आल्या असल्या, की नऊला त्या उठतात आणि ते बसतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र दिवसभर जागा मावशींची. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण आजूबाजूच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रात्री दुकानं मिटली की त्याच चौकोनात एक हमाल पथारी टाकतो, हेही मला तिथेच कळलं.

अकराच्या सुमारास काठी टेकत एक आजोबा आले. मागच्याच गल्लीत राहणारे. माझा टेप बघून थांबले. "बाई, तुम्ही त्यांची जागा मोजताय. माझी कोण मोजणार?" मी मोजली. फूटपाथ पावणेतीन मीटरचा, मोकळा राहिलेला जेमतेम 60 सेंटिमीटर. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळे हवेत. आजोबांचं म्हणणं रास्त होतं आणि मावशींचंही. त्या दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करणारी जागा मुळातच अपुरी होती. एवढ्या मोठ्या स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या गर्दीला इतका अरुंद फूटपाथ कसा पुरावा?

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "गाडी!" म्हणजे फेरीवाल्यांचा माल उचलणारी पालिकेची गाडी. मिनिटभरात ताडपत्र्या गुंडाळल्या गेल्या. मावशींनी एक भारा माझ्या हातात कोंबला आणि दुसरा डोक्यावर घेतला. गाडी न थांबता पुढे गेली. पाच मिनिटांत सगळे पुन्हा जागेवर.

"मावशी, तुमचं नाव लिहू?" मी विचारलं. "लिव. पन त्याचं खोडू नको हां, बाय."

संध्याकाळी मी एकाच फूटपाथचे चार नकाशे काढले : पहाटेचा, सकाळचा, दुपारचा, रात्रीचा. वरिष्ठांना एकच हवा होता. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात वेळ वाटून जागा वापरण्याची सोय आहे, हे मी त्यांना कायद्यातला मजकूर काढून दाखवलं. तक्त्यात तसा रकानाच नाही, असं उत्तर मिळालं. अखेर 17 समोर दादांचं नाव राहिलं. मावशी शेऱ्यात गेल्या. मी तेव्हा पुरेशी भांडले नाही, याची बोच आजही आहे.

पुढच्या वर्षी, बरोबर दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. त्यानंतर स्टेशनांभोवतीच्या फेरीवाल्यांचा प्रश्न पेटला आणि 1 नोव्हेंबर 2017 ला उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. मी जुना नकाशा काढून कंपास लावला. क्रमांक 17 वर्तुळाच्या आत होता.

2018 च्या दसऱ्याआधी मुद्दाम पहाटे गेले. चौकोन रिकामा होता. मावशी थोड्या पुढे, रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. आपट्याचा भारा कमरेवर, लोंब्यांच्या जुड्या हातात. खाली काहीच मांडलेलं नव्हतं.

"बसत का नाही?"

"उभ्यानं इकलं तर उचलता येत न्हाई कुनाला," त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.